संस्थेचे हरवलेले पॅनपत्र : एक अभ्यास

संस्था म्हटली की अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आले, जयंतीचा कार्यक्रम आला, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आला. परंतु संस्थेचे दप्तर कोठे आहे, असा प्रश्न वार्षिक सभेत सहसा कोणी विचारीत नाही. आम्हीही कित्येक वर्षे विचारला नव्हता. बँकेच्या काउंटरमागे बसून इतरांकडे कागद मागण्यात आमचे आयुष्य गेले. आपल्याच संस्थेचा कागद मागण्याची वेळ आली तेव्हा मात्र तो सापडेना.

हकिगत अशी. विद्यार्थी साहाय्य निधीची मुदत ठेव एका बँकेतून दुसऱ्या बँकेत न्यायची होती. नव्या बँकेने संस्थेच्या पॅनची प्रत मागितली. जुने चिटणीस हयात नाहीत. त्यांच्या खोलीतील लोखंडी कपाटात पावतीपुस्तके, निमंत्रणपत्रिका, जुने हिशेब सर्व निघाले. आयकर खात्याचे पत्र तेवढे निघाले नाही. आमच्यापैकी एक सभासद म्हणाले, ‘‘त्यात काय, नवीन पॅन काढू!’’ येथेच थांबायला हवे. एका संस्थेला दोन पॅन ठेवता येत नाहीत. दुसरा घेतल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हरवतो तो कागद, क्रमांक नव्हे.

पॅनवाचून काय अडते? ठेवीचे व्याज ठराविक मर्यादेपलीकडे गेले की बँक १० टक्के कर कापते. पॅन दिलेला नसेल तर हाच दर २० टक्के होतो. समजा, वर्षाचे व्याज साठ हजार आहे. सहा हजारांऐवजी बारा हजार कापले जातील. शिवाय कापलेली रक्कम संस्थेच्या नावावर जमा दिसत नाही, म्हणून ती परत मागण्याची वाटही अवघड होते. कर कापू नये असे निवेदन द्यावे म्हटले, तर तेही पॅनशिवाय ग्राह्य नाही. शेवटी ही कपात मुलांच्या वह्या-पुस्तकांच्या पैशांतूनच होते.

प्रथम क्रमांक शोधावा. मूळ पत्र नसले तरी त्याच्या खुणा अनेक ठिकाणी असतात : हिशेब तपासनिसांच्या फायलीत, जुन्या आयकर विवरणपत्राच्या पोचपावतीवर, बँकेने दिलेल्या करकपातीच्या दाखल्यावर. आम्हाला तो अशाच एका दाखल्यावर सापडला. येथे एक सावधगिरी हवी. जुन्या कागदांवर ‘जी.आय.आर. क्रमांक’ असे लिहिलेले आढळते. तो पॅनच्या आधीच्या व्यवस्थेतला आहे, त्याचा आज उपयोग नाही. पॅनमध्ये दहा चिन्हे असतात : पाच अक्षरे, चार अंक, पुन्हा एक अक्षर. चौथे अक्षर धारक कोण ते सांगते. व्यक्तीला ‘पी’, न्यासाला ‘टी’, व्यक्तींच्या समूहाला ‘ए’. पाचवे अक्षर संस्थेच्या नावाचे आद्याक्षर असते. आमच्यासारख्या मंडळांपैकी काहींना ‘टी’ मिळालेला आहे, काहींना ‘ए’. म्हणून ‘ए’ पाहून घाबरू नये.

यानंतर अर्ज. २००३ पासून पॅनचे अर्ज स्वीकारण्याचे काम आयकर खात्याने बाहेरच्या दोन संस्थांकडे दिलेले आहे : एक यू.टी.आय.ची, दुसरी एन.एस.डी.एल.ची, जिचे नाव आता प्रोटीन झाले आहे. नोंदीत काहीच बदल नसेल तर नुसती फेरछपाई मागता येते, आणि तिला खर्चही थोडा येतो. परंतु फेरछपाईचे कार्ड खात्याच्या दप्तरी जो पत्ता असेल त्याच पत्त्यावर जाते. आमच्या मुंबईतील संस्थांचे घोडे अडते ते येथेच! गिरगाव ते परळ-लालबाग पट्ट्यातील बहुतेक मंडळांचा नोंदणीकृत पत्ता म्हणजे कुणा चिटणीसाची चाळीतली खोली. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथील बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास सुरू झाला, माणसे संक्रमण शिबिरात गेली. वरळीत २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्याही मिळाल्या. पण संस्थेचा पत्ता पाडलेल्या चाळीतच राहिला. पोस्टमनने तरी काय करावे? अशा वेळी फेरछपाई न मागता दुरुस्तीचा अर्ज करावा. त्यात पत्ताही बदलून मिळतो. आम्ही तोच केला. शुल्क १०७ रुपये पडले.

अर्जासोबत धर्मादाय आयुक्तांच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत लागते. आमच्याकडे तीही धड नव्हती. वरळीला डॉ. ॲनी बेझंट मार्गावरील धर्मादाय आयुक्त भवनातून नक्कल घेतली. त्या वेळी कळले की सही करणाऱ्या नव्या चिटणीसांचे नाव तेथील नोंदीत चढलेलेच नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे पदाधिकारी बदलल्यावर ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहून गेला होता. एका पत्राच्या शोधात दुसरी चूक उघडी पडली, हेही बरेच झाले.

तारीख आणि नाव या दोन गोष्टींत बहुतेक अर्ज अडकतात. संस्थेची ‘जन्मतारीख’ म्हणजे स्थापनेच्या सभेची तारीख नव्हे. आमच्या अनेक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदलेल्या आहेत. बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी स्थापन केलेली बहिष्कृत हितकारिणी सभाही याच कायद्याखाली नोंदलेली होती, आणि तिच्या आधीची विचारविनिमयाची सभा ९ मार्च १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये भरली होती. सभेची तारीख वेगळी, स्थापनेची वेगळी. आपल्या संस्थेतही नोंदणीची आणि ‘एफ’ क्रमांक मिळाल्याची आणखी वेगळी निघते. पॅनच्या मूळ अर्जात यांपैकी कोणती दिली होती, ते जुन्या विवरणपत्रावरून पाहावे. नावाचे दुखणे याहून मोठे. ‘बौद्ध’ हा शब्द इंग्रजी लिपीत कोणी ‘ए-यू’ने लिहितो, कोणी ‘ओ-यू’ने, कोणी एक ‘डी’ घालतो, कोणी दोन. आमच्या नोंदणीपत्रावर एक, बँक खात्यावर दुसरे आणि पावतीपुस्तकावर तिसरे असे तीन अवतार निघाले. धर्मादाय नोंदणीत जे स्पेलिंग असेल तेच सगळीकडे धरावे.

कार्ड हरवल्याची नोंद पोलिसांकडे करून ठेवावी. मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर ती घरबसल्या होते. अर्जानंतर पंधरा अंकी पोच क्रमांक मिळतो. तो एकट्या चिटणीसांच्या मोबाइलमध्ये ठेवू नये, इतिवृत्तात लिहावा.

संस्था कोणाचा कर कापत असेल तर तिला ‘टॅन’ही असतो. त्याचे कार्ड निघत नाही, पत्रच येते. मुंबईचे टॅन ‘एम-यू-एम’ने सुरू होतात. पत्र हरवल्यास क्रमांक आयकर खात्याच्या संकेतस्थळावर नावावरून शोधता येतो. करसवलतीच्या १२-ए आदेशाचे मात्र तसे नाही. एकेकाळी ही कामे लालबागच्या पिरामल चेंबर्समध्ये चालत. २०२१ पासून जुन्या संस्थांना फेरनोंदणी करावी लागली, तेव्हा जुन्या आदेशाची प्रत मागितली गेली आणि पुष्कळांची धावपळ झाली. ती प्रत नसेल तर खात्याकडे लेखी मागणी करावी. दाद न लागल्यास २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये भरून अर्ज करता येतो.

विद्यार्थ्यांचे काम यामानाने सोपे आहे. ज्यांनी पॅन काढलेलाच नाही, त्यांना आधारवरून तो विनामूल्य मिळतो. फक्त आधारवरील नाव व दाखल्यावरील नाव आधी ताडून घ्यावे.

आमचे कार्ड तिसऱ्या आठवड्यात नव्या पत्त्यावर आले. मूळ कार्ड बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले असून झेरॉक्स प्रती अध्यक्ष, चिटणीस व खजिनदार या तिघांकडे आहेत. लॉकरच्या किल्लीचा ठराव मागील सभेत झाला. बदल अर्जाची सुनावणी अद्याप व्हायची आहे.