परक्या सुरांची सेवा : चार संग्रहवस्तूंच्या प्रकाशात एक अभ्यास

तथागतांनी सिगाल या तरुणास केलेल्या उपदेशात माणसे जोडून ठेवणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या आहेत : दान, प्रियवचन, अर्थचर्या आणि समानात्मता. अर्थचर्या म्हणजे दुसऱ्याच्या हिताचे आचरण; समानात्मता म्हणजे दुसऱ्यास आपल्या बरोबरीचा मानून वागणे. यांनाच चार संग्रहवस्तू म्हणतात. सेवेसाठी परदेशी गेलेल्याने तेथील संगीतात कसा भाग घ्यावा, या प्रश्नाचे उत्तरही त्यांत सापडते. त्यासाठी ‘ऑर्केस्ट्रा इथिओपिया’ या वाद्यवृंदाचे उदाहरण पाहू.

आदिस अबाबा येथील हैले सेलासी विद्यापीठात १९६३ मध्ये इजिप्तमध्ये जन्मलेले संगीतकार हलीम एल-दाभ यांनी हा वृंद उभा केला. एरवी आपापल्या प्रदेशात स्वतंत्रपणे वाजणारी वाद्ये त्यात एकत्र आली : क्रार हे तंतुवाद्य, वाशिंट ही बांबूची बासरी, केबेरो हा ढोल आणि मासिन्को. मासिन्कोला कातड्याने मढवलेली लहानशी पेटी आणि घोड्याच्या केसांची एकच तार असते. ती गजाने वाजवतात. हे वाद्य वाजवीत जागच्या जागी स्तुती आणि उपहास रचणाऱ्या गायकांना ‘अझमारी’ म्हणतात. त्यांचे गाणे सर्वांना हवे असे; समाजातील त्यांचे स्थान मात्र हलके मानले जाई. आपल्याकडील हलगीवादकाचे दुःख जाणणाऱ्यास हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

पहिली गोष्ट दान. अमेरिकेने १९६१ मध्ये ‘पीस कॉर्प्स’ ही स्वयंसेवकांची संघटना स्थापन केली. तिचे स्वयंसेवक जॉन को यांनी एल-दाभ यांच्यानंतर वृंदाची धुरा सांभाळली. १९६६ मध्ये हे नेतृत्व टेस्फाये लेम्मा या इथिओपियन कलावंताकडे आले. दिलेली वस्तू मुठीत धरून ठेवली तर ते दान होत नाही. स्वयंसेवक गेल्यावर काम स्थानिकांच्या हाती चालू राहते की नाही, हीच दानाची खरी कसोटी होय.

दुसरी गोष्ट प्रियवचन. चार्ल्स सटन हे दुसरे स्वयंसेवक. त्यांनी अम्हारिक भाषा शिकून घेतली आणि गेतामेसाय अबेबे या वादकाकडे मासिन्कोचे शिक्षण घेतले. मदत करण्यास आलेला माणूस येथे शिष्य झाला. ज्याच्या वाद्याला समाजाने कमी लेखले, त्याच्यासमोर परदेशी पदवीधराने विद्यार्थी म्हणून बसावे, याहून प्रिय वचन कोणते?

असे शिक्षण सोपे नसते. इथिओपियातील ‘तिझिता’ या स्वररचनेच्या एका प्रकारात सा, रे, ग, प, ध हे पाच स्वर येतात. आपल्याला तो भूप वाटेल. परंतु स्वर कसा लावावा, कोठे कंपित करावा, कोठे ओढावा, हे निराळे असते. साम्य ऐकून ‘हे मला येते’ असे मानणाऱ्याचे शिक्षण तेथेच थांबते.

तिसरी गोष्ट अर्थचर्या. १९६९ मध्ये सटन यांच्या पुढाकाराने हा वृंद ‘ब्ल्यू नाईल ग्रुप’ या नावाने अमेरिकेत गेला आणि ‘एड सुलिव्हन शो’ या लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमातही झळकला. आपल्या देशात असलेली ओळख सटन यांनी आपल्या गुरुजनांच्या कलेसाठी वापरली. दोन संस्कृतींचे संगीत एकत्र करताना प्रत्येकाने स्वतःस विचारावे : या मिश्रणात मान कोणाचा वाढतो आणि नाव कोणाचे होते?

चौथी गोष्ट समानात्मता. इथिओपियात राज्यक्रांती झाली, वृंद विखुरला आणि पुढे टेस्फाये लेम्मा यांना देश सोडून अमेरिकेत राहावे लागले. त्यांच्या मदतीसाठी सटन यांनी २००७ मध्ये एक ध्वनिमुद्रिका काढली. स्वयंसेवेची मुदत केव्हाच संपली होती. नाते संपले नव्हते.

आपल्या समाजाला हा धडा परका नाही. आंबेडकरी जलशांनी गावोगावी स्वाभिमानाचा संदेश पोहोचवला, तो ढोलकी आणि शाहिरी यांच्याच बळावर. ज्या कलेला कमी लेखले गेले, तीच मुक्तीचे साधन झाली. म्हणून आपल्या शाळेतून शिकून दूरदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपली हलगी लाजून मागे ठेवू नये आणि दुसऱ्याच्या मासिन्कोपुढे बसताना आपले शिक्षण मिरवू नये. आत्मसन्मान आणि विनय ही दोन्ही सोबत असतील, तरच दोन सूर बंधुतेने जुळतात.

विचारासाठी प्रश्न
१. आपल्या गावातील कोणते वाद्य आज शिकणाऱ्याची वाट पाहत आहे? ते वाजवणाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे काय?
२. आपल्याकडे सेवेसाठी आलेल्या पाहुण्यास आपण काय शिकवू शकतो?
३. मदत करणारा शिष्य झाला, तर मदतीचे स्वरूप कसे पालटते?