पान लागलं तर आधी दवाखाना

पावसाळा लागला की रात्री-अपरात्री दारावर थाप पडते, "ताई, पोराला पान लागलं." रुग्णालयातली नोकरी सोडली, ही थाप काही सुटली नाही.

एका पहाटे एक आई मुलाला घेऊन आली. रात्री पोटात दुखतं म्हणाला म्हणून तिने ओवा दिला होता. पहाटे त्याच्या पापण्या उघडेनात. सूज नाही, जखम नाही. जमिनीवर झोपला होता. ती मण्यार होती. मण्यारीचा दंश बऱ्याचदा दुखतही नाही, म्हणून तिला मी सगळ्यात जास्त भिते. चार दिवस कृत्रिम श्वासावर राहून मुलगा वाचला.

मंत्राने साप उतरतो असं का वाटतं? कारण बरेच साप बिनविषारी असतात आणि विषारी सापसुद्धा दर वेळी विष सोडतोच असं नाही. अशी माणसं तशीही वाचली असती. नाव मात्र मांत्रिकाचं होतं.

विषावर औषध एकच, सापाची लस. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष थोडंथोडं घोड्याला टोचतात, घोड्याच्या रक्तात त्याचा प्रतिकार तयार होतो, तो काढून शुद्ध करतात. त्यासाठी लागणारं बरंचसं विष तामिळनाडूतल्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येतं. पूर्वी हे लोक कातड्यासाठी साप पकडत. तो धंदा कायद्याने बंद झाल्यावर 1978 मध्ये संस्था निघाली. आता ते साप पकडतात, विष काढतात आणि सापाला परत सोडून देतात. आपल्याला टोचल्या जाणाऱ्या लशीत त्यांचं शहाणपण आहे, पण बाटलीवर त्यांचं नाव नसतं.

या लशीच्या मर्यादाही संशोधनातून पुढे आल्या आहेत. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणे बदलतं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2019 मध्ये दाखवलं की या चौघांबाहेरच्या काही विषारी सापांवर ही लस कमी पडते. तरीही आज हाताशी तीच आहे, आणि जितकी लवकर मिळेल तितकी कामाची.

2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली. म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. बहुतेक खेड्यातली, आणि निम्मे मृत्यू पावसाळ्यातले.

साप चावला तर हातपाय मोडल्यावर बांधतो तशी काठी लावून तो अवयव हलू देऊ नका. माणसाला चालवू नका. करकचून दोरी नको, चिरा नको, तोंडाने ओढणं नको. आवळून बांधल्याने पाय काळा पडलेला मी पाहिला आहे. सापाच्या मागे धावू नका, लक्षणांवरून डॉक्टरांना कळतं. 108 ला फोन करा.

दवाखान्यात काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाचा संशय. "नुसतं बघत बसलेत" म्हणून भांडू नका, ती तपासणीच आहे. बरं वाटलं तरी चोवीस तास तिथेच राहा. लहान मुलाला मोठ्याइतकीच लस लागते, कारण विष तेवढंच असतं.

आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात लस आहे का, रात्री डॉक्टर असतो का, हे चार बायांनी मिळून याच आठवड्यात विचारून या.