दुसरी भाषा शिकणाऱ्या मुलांच्या रीती व शिक्षकाचे कर्तव्य

पांढरकवडा, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या भागांतील कोलाम पोडावरचे मूल पहिलीच्या वर्गात येते, तेव्हा त्याच्या दृष्टीने मराठी ही दुसरी भाषा असते. घरी पाण्यास ‘ईर’ व घरास ‘एल्ला’ म्हणणारे मूल ‘पाणी’ व ‘घर’ हे शब्द पुष्कळदा प्रथम शाळेतच नीट ऐकते. अशा मुलाच्या मौनाचा अर्थ ‘मंदबुद्धी’ असा लावला, तर पहिल्या वर्षीच त्याचे शिक्षण खुंटते. म्हणून मूल दुसरी भाषा कोणत्या रीतीने शिकते, हे प्रत्येक शिक्षकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

१. भाषेतील अंतर. कोलामी व गोंडी या द्राविडी कुलातील भाषा होत. एम. बी. एमेनो यांचा कोलामीवरील ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून तिच्या व्याकरणाची सविस्तर माहिती उपलब्ध आहे. या भाषांत नामांचे वर्ग दोनच आहेत : पुरुषवाचक नामे एका वर्गात, आणि स्त्रिया, पशू व वस्तू मिळून दुसऱ्या वर्गात. मराठीत मात्र लिंगे तीन. त्यामुळे ‘ती झाड’, ‘तो पुस्तक’ असे प्रयोग मुलाच्या तोंडी येतात. हा निष्काळजीपणा नव्हे. जुन्या नियमाच्या आधारे नवा नियम शोधण्याचा तो प्रयत्न आहे. उलटपक्षी ‘आम्ही’ व ‘आपण’ यांतील भेद कोलामी मुलास परका नाही, कारण तसाच भेद त्याच्या भाषेतही आहे. तेथे त्याच्या भाषेचा आधार अवश्य घ्यावा.

पुसद, दिग्रस, आर्णी भागांतील तांड्यावरच्या मुलाची स्थिती वेगळी असते. बंजारा बोली आर्यकुलातील असल्याने त्यास अनेक मराठी शब्द अंदाजाने कळतात. मात्र अंदाज करणारे मूल चुकीचा अर्थ धरूनही निर्धास्तपणे पुढे जाते. तेव्हा एकास धीर द्यावा लागतो, तर दुसऱ्याची पडताळणी करावी लागते.

२. मुलांच्या रीती. वर्गात सामान्यतः चार रीती दिसतात. काही मुले दीर्घकाळ केवळ ऐकतात व पुरेसा साठा झाल्यावरच बोलतात. काही चुकतमाकत पहिल्या दिवसापासून बोलतात. काही शेजारच्या सोबत्यास आपल्या बोलीत अर्थ विचारून मगच उत्तर देतात. काही अर्थ न कळताही धडा घोकून काढतात. जोन रुबिन यांनी १९७५ साली चांगल्या भाषाशिक्षणार्थ्याची जी लक्षणे मांडली, त्यांत अंदाज करण्याची तयारी, चुकण्याचे भय नसणे व स्वतःच्या बोलण्याकडे लक्ष देणे यांचा समावेश होता. ही लक्षणे जन्मजातच असावी लागतात असे नाही. ती वर्गात रुजविता येतात.

३. एक सावधगिरी. ‘हे मूल डोळ्यांनी शिकते, ते कानांनी शिकते’ अशी विभागणी करून शिकविण्याची पद्धत फार लोकप्रिय झाली. परंतु हॅरॉल्ड पॅश्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली उपलब्ध संशोधनाचे परीक्षण केले, तेव्हा अशा विभागणीनुसार शिकविल्याने लाभ होतो यास पुरेसा पुरावा आढळला नाही. म्हणून मुलावर शिक्का मारू नये. मुलाची आवडती रीत ही त्याची पहिली पायरी होय. तेथून दुसऱ्या पायरीवर त्यास नेणे हे शिक्षकाचे काम आहे.

४. वर्गातील योजना. मौन धरणाऱ्या मुलास प्रथम कृतीने उत्तर देऊ द्यावे. ‘दार लाव’, ‘टोपल्यात तीन खडे टाक’ असे सांगावे. सांगितलेले जो अचूक करतो त्यास भाषा कळू लागली आहे, मग तो बोलो वा न बोलो. बडबड्या मुलाची चूक मध्येच तोडू नये. त्याचेच वाक्य शुद्ध रूपात परत म्हणावे. सोबत्यास विचारणाऱ्यास दटावू नये. उलट दोन भाषा जाणणारा सोबती त्याच्याजवळ बसवावा. घोकणाऱ्या मुलास धड्यातील वाक्याचे चित्र काढावयास किंवा ते वाक्य करून दाखवावयास सांगावे. कापूसवेचणी, बांबूची टोपली, मोहफुले, पोळा हे विषय मुलाच्या अनुभवातले आहेत. संभाषणपाठ प्रथम त्यांवरच घ्यावेत. शिक्षकाने स्वतः मुलांच्या बोलीतील निदान पन्नास शब्द वहीत टिपून पाठ करावेत. गुरुजीही आपली भाषा शिकताना चुकतात, हे पाहिले म्हणजे मुलाचे भय आपोआप ओसरते.

५. उपसंहार. प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न व्हावा, असे संविधानाचा १९५६ साली समाविष्ट झालेला अनुच्छेद ३५०-क सांगतो. पुस्तके व साधने यांची वाट न पाहता या तत्त्वाचा आरंभ शिक्षकाच्या वर्तनातून होऊ शकतो. पोडावरचे मूल शाळेत येताना एक पूर्ण भाषा घेऊन येते. ती दाराबाहेर ठेवावयास लावल्यास मूलही फार दिवस आत राहत नाही.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी : (१) आपल्या वर्गातील मुलांच्या घरी कोणती भाषा बोलली जाते? (२) मौन धरणाऱ्या दोन मुलांचे आठ दिवस निरीक्षण करून, त्यांना कोणत्या सूचना कृतीने पाळता आल्या याची नोंद आणावी.