यंत्र येण्यापूर्वीं जागेची सिद्धता

ठाण्याहून बेलापूरच्या रस्त्यास लागलें म्हणजे डावीकडे पारसिकचा डोंगर व उजवीकडे खाडी ठेवून दिघा, ऐरोली, रबाळे हीं गांवें एकामागून एक येतात. औषधें, रंग व रसायनें यांच्या कारखान्यांच्या या पट्टींत अलीकडे फारशा खिडक्या नसलेल्या मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्यांस डेटा सेंटर म्हणतात. तेथें माणसें थोडीं व माहिती अपार. यंत्रें आणून विजेस जोडलीं कीं काम झालें, मग नुसत्या खोलीसाठीं एवढा खटाटोप कशास, असें तुमच्यापैकीं एकानें आम्हांस विचारलें. त्याच्या उत्तरादाखल हें लिहीत आहों.

प्रथम पाण्याचा विचार. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या दिवसाच्या पुरांत आमच्या माहितीच्या एका शाळेचें तळमजल्यावरील दप्तर भिजलें व जनरल रजिस्टरचीं पानें एकमेकांस चिकटून गेलीं. पुढें कित्येक वर्षें जन्मतारखेच्या दाखल्यासाठीं आलेलीं माणसें रिकाम्या हातीं परततांना आम्हीं पाहिलीं आहेत. एका वृद्ध कामगाराचें निवृत्तिवेतन त्या रजिस्टरांतील एका ओळीवांचून अडून राहिलें होतें. कागद असो वा हार्ड डिस्क, पाण्याला दोन्हीं सारखींच. म्हणून साठवणीची खोली तळमजल्यावर नसावी. तशीच ती गच्चीवरील टाकीखालीं किंवा न्हाणीघराखालींही नसावी, आणि तिच्या छतांतून पाण्याचा नळ जातां कामा नये.

बरें, वरचा मजला घ्यावा, तर वजन आडवें येतें. येथें थोडें गणित करा. सुमारें ६० सेंटिमीटर रुंद व १२० सेंटिमीटर खोल अशी रॅक यंत्रांनीं भरली म्हणजे तिचें वजन १००० किलोग्रॅमपर्यंत जाऊं शकतें. तिच्याखालची जागा ०.७२ चौरस मीटर. म्हणजे दर चौरस मीटरवर जवळजवळ १४०० किलोग्रॅम भार. सामान्य कचेरीचा मजला मात्र २५० ते ४०० किलोग्रॅम भार धरून बांधलेला असतो. यास्तव इमारतीचे नकाशे इंजिनिअरास दाखविल्यावांचून रॅक वर चढवूं नये. दार व लिफ्ट हींही आधीं मोजावीं. सांगतांना हसूं येतें, पण विसरणारे पुष्कळ.

विजेवर आंधळा भरंवसा ठेवतां येत नाहीं. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं कळवा-पडघा वीजवाहिनींत बिघाड होऊन मुंबई, ठाणें व नवी मुंबई यांचे मोठे भाग अंधारांत गेले. आणि कळवा तर दिघ्याच्या शेजारचाच. अशा वेळीं पहिलीं कांहीं मिनिटें बॅटऱ्या यंत्रांस सांभाळतात, तोंवर डिझेल जनरेटर सुरू व्हावा लागतो. मौज अशी कीं, खोली थंड ठेवणारें यंत्र बहुधा त्या बॅटऱ्यांवर नसतें. जनरेटर रेंगाळला तर सर्व्हर चालू राहतात आणि खोली भराभर तापते. आंत येणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस असावी, असा संकेत आहे.

आग लागल्यास पाण्याऐवजीं पुष्कळ ठिकाणीं वायु सोडतात. पण तेथेंही सावधगिरी हवी. डिस्कच्या तबकडीवर वाचणारें टोंक अवघ्या कांहीं नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतें. आपला केस त्या अंतराच्या हजारों पट जाड. सप्टेंबर २०१६ मध्यें बुखारेस्टच्या एका बँकेंत अशा वायूची चांचणी घेतली असतां नुसत्या त्याच्या कर्कश आवाजानें डझनावारी डिस्क निकामी झाल्या.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेच्या नोंदींसाठीं एक लहानशी साठवणपेटी आली. तिच्याकरितां निवडलेल्या कोठीवरून प्रयोगशाळेचा नळ जात होता. तो आधीं वळवून घेतला, अर्थिंग तपासून घेतलें, ओल आलेली भिंत वाळूं दिली. पेटी थंड गाडींतून आली होती, व बाहेर हवा दमट. थंड यंत्र अशा हवेंत उघडलें म्हणजे गार पेल्यावर सुटतें तसें पाणी त्याच्या अंगीं सुटतें. मुलें उघडण्यास अधीर झालीं होतीं. तरी चोवीस तास ती पेटी वेष्टनासह तशीच कोठींत राहिली.