अंगठा दुखतोय? संघाला सांगा

गेल्या आठवड्यात अकरावीतला एक मुलगा आईबरोबर दवाखान्यात आला. बीजीएमआय या मोबाईलवरील खेळात चौघांचा संघ असतो; त्यात त्याला नुकतीच जागा मिळालेली. सराव रात्री दहा ते एक! अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची, पण जागा जाईल म्हणून तो गप्प. (आईला वाटले, लिहून दुखते.)

अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवायला सांगितले. तो कळवळला. अंगठा हलवणाऱ्या कंडरांच्या आवरणाला सूज आली की असे होते. अंगठ्यासह मनगटाला पट्टा दिला, तीन आठवडे खेळ बंद.

“डॉक्टर, तोवर दुसरा येईल!”

म्हटले, नवख्याने नकाशा पाठ करावा, जुन्यांचे सामने पाहावेत. त्याला अंगठा लागत नाही. कप्तानाला फोन मात्र माझ्यासमोरच लावायला लावला.