रोममधील भोजनगृहाची पारख : चि. रेवती हिस पत्र



रोमसारख्या शहरात, जेथे बाराही महिने परदेशी प्रवाशांची रीघ लागलेली असते, तेथे जेवणाची जागा शोधावी लागत नाही. जागाच प्रवाशाला शोधत येते. पांथेऑन, पियाझ्झा नावोना आणि त्रेवीचे कारंजे यांच्यामधल्या गल्ल्यांत भोजनगृहाच्या दाराशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला आत बोलावणारा माणूस हा तेथील व्यवसायाचा इतका ठरलेला भाग झाला आहे, की त्याला ‘बुत्तादेंत्रो’, म्हणजे आत ढकलणारा, असे नावच पडले आहे. अशा ठिकाणचे अन्न वाईटच असते असे नाही; परंतु जे गिऱ्हाईक पुन्हा कधीच येणार नाही त्याच्यावर ज्याचा धंदा चालतो, त्याला चांगले रांधण्याची सक्ती नसते, एवढे मात्र खरे. रेवतीने आपल्या रोमच्या प्रवासात तेथले स्वतःचे असे जेवण जेवून यावे अशी घरातील वडीलधाऱ्यांची इच्छा असल्यामुळे, त्याची पारख कशी करावी याविषयी चार गोष्टी येथे मांडल्या आहेत. त्या सर्वांच्या मुळाशी एकच कसोटी आहे : पारंपरिक भोजनगृह ते काय देते यापेक्षा काय देण्याचे नाकारते, यावरून अधिक खात्रीने ओळखता येते.

ही कसोटी इटलीत विशेष लागू पडते, कारण ‘इटालियन जेवण’ म्हणून जे जगभर ओळखले जाते ते इटलीत एका ठिकाणी क्वचितच सापडते. इटलीचे राज्य 1861 मध्ये एक झाले आणि रोम त्यात 1870 मध्ये सामील झाले. त्याआधी शतकानुशतके वेगवेगळ्या सत्तांखाली राहिलेल्या मुलखांची स्वयंपाकघरे राजकीय एकीकरणानंतरही वेगळीच राहिली. आज देशाचे 20 प्रांत आहेत. केशर घातलेला रिसोत्तो, म्हणजे रसात शिजवलेला मऊ भात, हा मिलानचा. तुळशीच्या जातीच्या बाझिलिको या पानांचा पेस्तो नावाचा हिरवा ठेचा जेनोव्हाचा. मांसाचे दाट रागू बोलोन्याचे, आणि तेथे ते स्पागेत्तीबरोबर नव्हे तर ताल्यातेल्ले या रुंद पट्ट्यांबरोबर खातात. रोममधील एखाद्या भोजनगृहाच्या पदार्थांच्या यादीत हे सगळे एकत्र, सहा भाषांत आणि रंगीत छायाचित्रांसह छापलेले दिसले, तर तेथील आचाऱ्याला कोणताच प्रांत स्वतःचा वाटत नाही, असे खुशाल समजावे. याउलट रोममध्येच अब्रुत्सो, सार्डिनिया किंवा सिसिली येथून आलेल्या कुटुंबांनी चालवलेली, केवळ आपल्याच प्रांताचे रांधणारी भोजनगृहे आहेत. ती रोमन नसली तरी पारंपरिक आहेत, आणि त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. दारावर त्रात्तोरिया (घरगुती खानावळ), ओस्तेरिया (मुळात मद्यासोबत साधे जेवण देणारी जागा) की रिस्तोरांते (औपचारिक भोजनगृह) लिहिले आहे, यावर फारसे विसंबू नये. या पाट्यांमधला जुना भेद आता बराच पुसला गेला असून, महागड्या भोजनगृहांनीही ओस्तेरिया हे साधे नाव आवडीने घेतले आहे.

रोमच्या स्वयंपाकाचे चार पास्ते प्रसिद्ध आहेत. काचो ए पेपे यात पेकोरीनो रोमानो नावाचे मेंढीच्या दुधाचे खारट चीज आणि काळी मिरी एवढेच असते. त्यात डुकराच्या गालाचे मुरवलेले मांस, ज्याला ग्वांचाले म्हणतात, घातले की ग्रीचा होते. ग्रीचात टोमॅटो आला की अमात्रिचाना. आणि टोमॅटोऐवजी अंडे आले की कार्बोनारा. पारख करण्यास यांतला पहिला सर्वांत उपयोगी आहे. त्यात लोणी नाही, साय नाही, लसूण नाही. पास्ता उकडलेल्या पाण्यातील पिठूळपणा आणि किसलेले चीज यांचा एकजीव रस व्हावा लागतो, आणि आच थोडी जास्त झाली तर चिजाच्या गुठळ्या होऊन सगळे बिघडते. साध्या वरणभातावरून घरच्या अन्नपूर्णेचा हात ओळखावा, तसा येथे आचाऱ्याचा हात ओळखता येतो. पास्ता मागणीनंतरच शिजवला जात असेल तर ताट यायला दहा-बारा मिनिटे लागतात. ते त्याआधीच समोर आले तर पुढचे ताट मागवण्यापूर्वी विचार करावा. (या पदार्थातली मिरी रोमला नवी नाही. सम्राट डोमिशियनच्या काळात, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, रोममध्ये मिरीसाठी खास कोठारे बांधली गेली होती आणि ती मिरी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून जात असे.)

मात्र परंपरा म्हणजे प्राचीनता असे समजण्याची चूक होऊ नये, कारण प्रवाशांना भुलवणाऱ्या पाट्यांवर नेमका हाच समज वापरलेला असतो. कार्बोनारा हा आज रोमचा मानबिंदू मानला जातो, तरी त्याच्या छापील कृती दुसऱ्या महायुद्धानंतरच्याच मिळतात. 1954 मध्ये एका इटालियन पाकमासिकात छापलेल्या कृतीत तर लसूण आणि स्वित्झर्लंडचे ग्रुयेर चीज होते, जे आजचा रोमन आचारी पाहूही शकणार नाही. अमात्रिचाना ज्या अमात्रिचे गावाची, ते गाव 1927 पर्यंत रोमच्या लात्सिओ प्रांतात नव्हतेच, अब्रुत्सोत होते. आणि रोमचे नाव धारण करणारे पेकोरीनो आज बहुतांशी सार्डिनिया बेटावर तयार होते. तेव्हा परंपरा ही जुनेपणापेक्षा सहमतीची गोष्ट आहे : त्या गावच्या खाणाऱ्यांनी अमुक पदार्थ असाच असावा असे ठरवलेले असते, तो तसा नसला तर ते ताट परत पाठवतात, आणि असे परत पाठवणारे लोक ज्या भोजनगृहात जेवतात तेथेच ती टिकते. भिंतीवरची जुनी छायाचित्रे आणि लाल-पांढऱ्या चौकड्यांची मेजवस्त्रे बाजारात विकत मिळतात. चुकीचे ताट परत पाठवणारे गिऱ्हाईक विकत मिळत नाही.

रेवती अंडी खाते, मांस आणि मासे खात नाही. त्यामुळे पुढील सल्ला तिला प्रथम विचित्र वाटेल. तिने असे भोजनगृह निवडावे, ज्याच्या यादीत आतडी, पोटाची पिशवी आणि शेपूट यांचे पदार्थ आहेत. रोम राजधानी झाल्यानंतर शहराच्या दक्षिणेस तेस्ताच्चो ही कामगारवस्ती वसवली गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे मोठा सरकारी कत्तलखाना उभा राहिला, जो 1975 पर्यंत चालू होता. जनावराचे चार चांगले भाग श्रीमंतांकडे, धर्मगुरूंकडे आणि सैन्याकडे जात. उरलेसुरले, ज्याला रोमन लोक ‘क्विंतो क्वार्तो’ म्हणजे पाचवा चतुर्थांश म्हणतात, ते कामगारांच्या वाट्याला येई, आणि शेजारच्या खानावळींतून त्याचे पदार्थ होत. कोदा आल्ला वाच्चिनारा ही सेलरी घालून तासन्‌तास शिजवलेली बैलाची शेपूट, पुदिना आणि पेकोरीनो घातलेली त्रिप्पा म्हणजे पोटाची पिशवी, आणि पायाता म्हणजे दूधपित्या वासराची आतडी, ही त्या वस्तीची देणगी आहे. हे पदार्थ पर्यटक सहसा मागत नाहीत, ते करायला वेळ लागतो आणि साफसफाईची मेहनत मोठी असते. तरीही ते यादीत असतील, तर ते मागणारे स्थानिक गिऱ्हाईक तेथे नक्की येते. त्याच गिऱ्हाइकासाठी रांधलेला काचो ए पेपे आणि लसूण-मिरची घालून परतलेली चिकोरियाची पालेभाजी शाकाहारी पाहुण्यालाही मिळते. ज्या भोजनगृहाने प्रत्येकाला रुचेल असे सारे काही ठेवले आहे, तेथे मात्र शाकाहारी माणसालाही बहुधा चांगले मिळत नाही.

रोमच्या शाकाहारी ताटाचा खरा मान आर्टिचोकला आहे. काटेरी झाडाची न उमललेली कळी असलेली ही भाजी दोन रीतींनी होते : कार्चोफी आल्ला रोमाना, ज्यात ती लसूण आणि रानपुदिना भरून तेल-पाण्यात मंद शिजवतात, आणि कार्चोफी आल्ला जुदीया, ज्यात अख्खी कळी ऑलिव्हच्या तेलात दोनदा तळून फुलासारखी उमलवतात. ही दुसरी रीत रोमच्या ज्यू समाजाची. पोप चौथा पॉल याने 1555 मध्ये या समाजाला टायबर नदीकाठच्या एका कोंदट वस्तीत डांबले आणि ती सक्ती 1870 पर्यंत या ना त्या रूपाने राहिली. आज त्याच वस्तीत या पदार्थासाठी रांगा लागतात. तेथे एक सोय अशी आहे, जी फार थोड्या भारतीय प्रवाशांच्या लक्षात येते : ज्यू आहारनियमांप्रमाणे मांस आणि दूध एका स्वयंपाकघरात येत नाही, म्हणून नियम पाळणारे जे भोजनगृह दुधाचे पदार्थ देते तेथे मांस अजिबात शिजत नाही. मासे मात्र शिजतात. शिवाय रोमच्या परिसरातील आर्टिचोकचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल हा आहे. ऑगस्टात कोणी ‘ताजे रोमन आर्टिचोक’ देऊ केले तर ते दुसऱ्या मुलखातून आलेले किंवा गोठवलेले असणार. गोठवलेल्या पदार्थापुढे यादीत तारांकन करून तळाशी बारीक अक्षरांत खुलासा देण्याची पद्धत इटलीत आहे, आणि ती बारीक अक्षरे वाचण्याची सवय ठेवावी.

शाकाहारासंबंधी आणखी काही सावधगिरी आवश्यक आहे. पुंतारेल्ले ही हिवाळ्यातील कुरकुरीत, किंचित कडू भाजी दिसायला निव्वळ कोशिंबीर असते, पण तिच्यात अँचोव्ही नावाची खारवलेली बारीक मासळी वाटून घातलेली असते. भोपळ्याच्या तळलेल्या फुलांतही चिजाबरोबर बहुधा तीच असते. हरभऱ्याच्या किंवा शेंगांच्या रसभाजीत ग्वांचालेचा तुकडा फोडणीपुरता पडतो, आणि वाढणाऱ्याला त्यात सांगण्यासारखे काही वाटत नाही, कारण त्याच्या लेखी ते मांसाचे ताटच नव्हे. म्हणून ‘हे शाकाहारी आहे का’ असे विचारण्यापेक्षा ‘यात मांस, चरबी, मासळी आहे का’ असे एकेक नाव घेऊन विचारावे. पेकोरीनो रोमानो हे चीज कोकराच्या आणि पार्मिजानो हे चीज वासराच्या जठरातील विरजण लावून करतात. हे चालवून घ्यायचे की नाही हे रेवतीने स्वतः, आणि शक्यतो निघण्यापूर्वी, ठरवावे. ग्वांचाले काढून अमात्रिचाना करून द्या, असा आग्रह मात्र धरू नये. चांगला आचारी त्याला नकार देतो, आणि तो नकार अपमान समजू नये.

वेळ आणि वार यांनाही येथे अर्थ असतो. दुपारचे जेवण साडेबारा ते अडीच आणि रात्रीचे साडेसात-आठच्या पुढे, असा शहराचा रिवाज असल्यामुळे, सायंकाळी पाच वाजता पास्ता वाढणारे स्वयंपाकघर कोणासाठी चालते हे सांगायला नको. गुरुवारी बटाट्याचे न्योक्की, शुक्रवारी हरभऱ्याचा पास्ता किंवा खारवलेला कॉड मासा आणि शनिवारी त्रिप्पा, हा जुना क्रम काही खानावळी अजून पाळतात. शुक्रवारचा भाग कॅथलिक उपवासातून आला आहे. आठवड्यातून एक दिवस सुट्टी आणि ऑगस्टच्या मध्यास, 15 तारखेच्या सणाच्या सुमारास, दोन-तीन आठवडे दाराला कुलूप, ही गैरसोय असली तरी भरवशाची खूण आहे. छोट्या जागेत आदल्या दिवशी फोन करून मेज राखून ठेवावे.

शोध घेण्यासाठी मोबाईलवरील तारांकित अभिप्रायांचा उपयोग मर्यादित आहे, कारण प्रवासी भागातील अभिप्राय लिहिणारे बहुतेक स्वतःच एकदा जेवून गेलेले प्रवासी असतात आणि त्यांच्याकडून कळते ते प्रवाशांना काय आवडते एवढेच. रोममध्ये स्पॅनिश पायऱ्यांजवळ 1986 मध्ये मॅकडोनाल्ड्स उघडले तेव्हा झालेल्या विरोधातून कार्लो पेत्रीनी यांची स्लो फूड चळवळ पुढे आली. ती 1990 पासून ‘ओस्तेरिए द’इतालिया’ ही मार्गदर्शिका काढते आणि विशेष पसंतीच्या जागांना गोगलगायीचे चिन्ह देते. भाषा येत नसली तरी ती मार्गदर्शिका चाळून तेस्ताच्चो, गार्बातेल्ला किंवा सान जोव्हान्नी या राहत्या वस्त्यांतील नावे टिपून ठेवावीत. पांथेऑनजवळही उत्तम जागा आहेत, पण त्या चालता चालता सापडत नाहीत.

पैशाचे थोडक्यात. दरपत्रक दाराबाहेर लावलेले असते, ते आत जाण्यापूर्वी वाचावे. इटलीत इतरत्र ‘कोपेर्तो’ नावाचा माणशी मेजखर्च घेतात. लात्सिओ प्रांताने 2006 मध्ये तो कायद्याने बंद केला, म्हणून रोममध्ये बिलावर ‘पाने’, म्हणजे पावाचे पैसे, दिसतात, आणि पाव नको असल्यास तो आल्याबरोबर परत करता येतो. जेवणाचे सगळे पाच टप्पे मागवण्याची गरज नाही. एक पास्ता आणि दोन भाज्या, ज्या तेथे ‘कोंतोर्नो’ म्हणून स्वतंत्र मागवाव्या लागतात, एवढ्यात शाकाहारी माणसाचे पोट भरते. सोबतच्या मंडळींनी मासे मागवले तर किंमत ‘एत्तो’ची, म्हणजे 100 ग्रॅमची, आहे का ते आधी पाहावे, कारण अख्ख्या माशाचे बिल त्या आकड्याच्या कितीतरी पट होते. बिल मागितल्याशिवाय मेजावर येत नाही; ते न आणणे हा तेथे निष्काळजीपणा नसून पाहुण्याला बसू देण्याची रीत आहे, त्यामुळे घाई असल्यास तसे सांगावे. बक्षिशी सक्तीची नाही, समाधान झाले तर एक-दोन युरो ठेवावेत.