वासाचें आमिष

गळाला गांडूळ लावून मासा धरणाऱ्यास कोणी दोष देत नाहीं. रानांत रेडा बांधून मचाणावर वाघाची वाट पाहणें ही देखील शिकारीची जुनीच रीत होय. परंतु ज्या आमिषांत पोटांत घालण्यासारखें कांहींच नाहीं, केवळ सुवास आहे, त्यानें जनावरास बोलावून आणणें कितपत योग्य? हा प्रश्न २०१८ सालीं आपल्याच यवतमाळ जिल्ह्यांत उपस्थित झाला.

पांढरकवडा व राळेगांव या भागांतील एका वाघिणीवर तेरा माणसांच्या मृत्यूचा आरोप होता. वनखात्याच्या दप्तरीं तिचें नांव टी-१. बाहेर तिला अवनी म्हणत. जेथें कपाशीच्या शेतांत जाण्यास माणूस धजेना, तेथें गुरें चारावयास कोण नेणार? शहरांत बसून वाघिणीचा कैवार घेणाऱ्यांनीं ही गोष्ट विसरतां कामा नये. कॅमेरे, हत्ती, श्वान असे नाना उपाय झाले, आणि त्यांत भर पडली ती ‘ऑब्सेशन फॉर मेन’ नांवाच्या परदेशी अत्तराची!

हें ऐकून हंसूं येईल, पण त्यामागें शास्त्र आहे. जवादी मांजराच्या ग्रंथींतून निघणाऱ्या स्रावांत सिव्हेटोन नामक गंधद्रव्य असतें. त्याची घडण ल्योपोल्ड रुझिच्का यांनीं १९२६ सालीं उलगडून दाखविली. आतां तें द्रव्य कृत्रिम रीतीनें बनवून अत्तरांत घालतात. न्यूयॉर्क येथील ब्राँक्स प्राणिसंग्रहालयांत २००३ सालीं चित्त्यांपुढें निरनिराळीं अत्तरें ठेवून पाहिलीं, तेव्हां ते या अत्तरापाशीं सर्वांत अधिक वेळ रेंगाळले. पुढें ग्वाटेमालाच्या अरण्यांत जग्वारांचीं छायाचित्रें घेण्यासाठीं तें वापरलें गेलें. तेथें जनावर आलें, हुंगून गेलें. फसलें खरें, पण त्याचें कांहीं बिघडलें नाहीं.

आतां कायदा पाहूं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत शिकार म्हणजे केवळ ठार मारणें नव्हे. पकडणें, सापळा लावणें, हांका घालणें आणि आमिष दाखविणें हीही शिकारच, व तसा नुसता प्रयत्नही शिकारच. वाघ माणसांच्या जिवावर उठला तर मुख्य वन्यजीव संरक्षकांस परवानगी देण्याचा अधिकार आहे. परंतु त्यास पकडणें, गुंगी आणणें वा अन्यत्र नेणें शक्य नाहीं अशी खात्री झाल्यावांचून मारण्याचा हुकूम देतां येत नाहीं.

अमेरिकेंत शिकारीस मोकळीक आहे. पण तेथेंही धान्य पसरून किंवा जिवंत बदकें बांधून रानबदकें मारण्यास १९३५ पासून बंदी आहे. शिकाऱ्याचें कसब आणि पांखराची सावधगिरी यांत कांहीं तरी बरोबरी राहावी, हा त्यांतील एक विचार.

नरभक्षक ठरलेल्या वाघाच्या बाबतींत मात्र बरोबरीचा प्रश्नच नसतो. फसविणें वाईट खरें. तथापि ज्या फसवणुकीनें जनावर गुंगीची सुई मारण्याइतकें जवळ येतें, ती त्याचे आणि गांवकऱ्यांचे, दोघांचेही प्राण वांचवूं शकते. माझ्या मतें अशा वेळीं अत्तर शिंपडण्यांत पाप नाहीं. पण ज्यानें त्यास बोलाविलें, त्याच्यावर त्यास जिवंत धरण्याची जबाबदारी अधिकच पडते.

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीं अवनी गोळीनें मारली गेली. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशी समितीनें त्या कारवाईंत नियम मोडल्याचा ठपका ठेविला. पुढच्याच महिन्यांत तिची मादी बछडी त्याच रानांत गुंगीचें औषध देऊन जिवंत पकडण्यांत आली, व तिला पेंचला नेण्यांत आलें.